तासिका आठवडाभर कशा पसरतात : वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमागचे गणित

शाळेच्या वेळापत्रकात दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. एकच शिक्षक एकाच वेळी दोन तुकड्यांवर लागला, तर ती चूक शाळा भरल्यावर दहा मिनिटांत उघडकीस येते, कारण एका वर्गावर कोणी जातच नाही आणि मुलांचा आवाज पर्यवेक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचतो. नववी 'अ'च्या भूगोलाच्या तीन तासिका गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशा ओळीने लागल्या, तर मात्र कोणीही तक्रार करत नाही. शिक्षक वर्गावर वेळेवर जातात, मस्टर बरोबर भरते, तासिकांची बेरीजही जुळते. फरक एवढाच, की मुले तीन दिवस सलग भूगोल शिकतात, नंतरचे चार दिवस त्या पुस्तकाला हात लावत नाहीत, आणि जुलैत पावसामुळे शुक्रवारी सुट्टी जाहीर झाली व शनिवार कार्यक्रमात गेला, तर त्या आठवड्यात भूगोलाची एकच तासिका होते.

हल्ली मुंबईतल्या पुष्कळ शाळा वेळापत्रक सॉफ्टवेअरवर करतात. स्लोव्हाकियात तयार झालेले 'एएससी टाइमटेबल्स', ऑस्ट्रियातले 'उंटिस' आणि रोमानियाच्या लिव्हिउ लालेस्कु यांनी सुरू केलेली 'एफईटी' ही मोफत, मुक्त स्रोत प्रणाली ही त्यांतली जगभर माहीत असलेली नावे. ही साधने पहिल्या प्रकारची चूक होऊच देत नाहीत. दुसऱ्या प्रकारची चूक ती आपण सांगितले तरच टाळतात आणि किती आग्रहाने सांगितले त्यानुसार टाळतात. 'सॉफ्टवेअरने काढले म्हणजे उत्तम असणार' हा समज सर्वांत जास्त फसतो तो येथेच.

तासिका पसरवायच्या कशासाठी, याचे उत्तर बरेच जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करताना एकाच दिवशी केलेल्या ६८ उजळण्यांचा जेवढा परिणाम होत होता, तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांचा होतो, असे त्यांना आढळले. शाळेतली तासिका म्हणजे निरर्थक अक्षरांची यादी नव्हे, तरीही मध्ये दिवस सोडून शिकलेले अधिक टिकते ही गोष्ट पुढील शतकभराच्या संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवली आहे. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास ठरवतो. तो वर्षाचे तास मोजतो, पण ते आठवड्यात कोठे बसवायचे हे सांगत नाही. तो निर्णय शाळेच्या हाती राहतो.

आता एक नमुना घेऊ. नववीची एक तुकडी आहे. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ५, अशा आठवड्याच्या ४५ तासिका आहेत. त्यांत मराठी ६, इंग्रजी ६, हिंदी-संस्कृत ५, गणित ७, विज्ञान ७, इतिहास-राज्यशास्त्र ३, भूगोल ३, शारीरिक शिक्षण ३, जलसुरक्षा २, संगणक २ आणि ग्रंथालय १ अशी वाटणी केली आहे. प्रत्येक शाळेची वाटणी थोडी निराळी असते. येथे हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. गणिताच्या ७ तासिका आहेत आणि आठवड्याचे दिवस ६, त्यामुळे कोणत्या तरी एका दिवशी गणित दोनदा येणारच; तेथे सॉफ्टवेअरचा दोष नसतो. प्रश्न असतो तो त्या दोन तासिका सलग हव्यात की विलग, याचा. बीजगणिताची एक आणि भूमितीची एक अशी सलग जोडतासिका चालेल असे शिक्षक म्हणत असतील, तर 'एकाच दिवशी दोन आल्याच, तर त्या लागून याव्यात' असा पर्याय नोंदवता येतो. तो नोंदवला नाही, तर दुसऱ्या तासिकेला गणित आणि पुन्हा सातव्या तासिकेला गणित, असा प्रकार निमूटपणे छापून येतो.

खरी मौज तीन तासिकांच्या विषयांत आहे. भूगोलाच्या तीन तासिकांसाठी सहापैकी तीन दिवस निवडायचे, तर त्याचे २० प्रकार होतात. कोणतेही दोन दिवस लागून नकोत एवढी एकच अट घातली, की त्या २० मधले फक्त ४ उरतात : सोम-बुध-शुक्र, सोम-बुध-शनि, सोम-गुरु-शनि आणि मंगळ-गुरु-शनि. एका साध्या वाटणाऱ्या अटीने पाचांपैकी चार वाटा बंद केल्या. हीच अट प्रत्येक तुकडीच्या प्रत्येक विषयाला लावल्यावर वेळापत्रक एकाएकी 'बसत नाही' असे का होते, याचे कारण येथे आहे.

बरे, सोम-बुध-शुक्र ही वाटणी सर्वांत नीटनेटकी दिसते म्हणून ती सगळ्यांनाच देऊन पाहू. भूगोलाच्या एकाच शिक्षिकेकडे ७ तुकड्या असतील, तर त्यांच्या आठवड्याच्या २१ तासिका होतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मिळून २४ जागा आहेत, म्हणजे कागदावर सारे बसते. परंतु त्या बाईंना आठवड्यातले तीन दिवस आठापैकी सात तासिका उभे राहावे लागेल आणि उरलेले तीन दिवस एकही तासिका नसेल. याऐवजी तीन तुकड्यांना सोम-बुध-शुक्र, तीन तुकड्यांना मंगळ-गुरु-शनि आणि एका तुकडीला सोम-गुरु-शनि दिले, तर बाईंच्या तासिका सोमवारपासून शनिवारपर्यंत अनुक्रमे ४, ३, ३, ४, ३, ४ अशा पडतात. प्रत्येक तुकडीला दोन तासिकांच्या मध्ये निदान एक दिवस मोकळा मिळाला आणि शिक्षिकेचा भारही सारखा झाला. सॉफ्टवेअर ज्या जुळवणीसाठी तासन्‌तास धडपडते, तिचे हे एक छोटेसे, हाताने सुटणारे रूप आहे. ज्या शाळेत २० तुकड्या आणि ३०-३५ शिक्षक आहेत, तेथे अशा शेकडो जुळवण्या एकमेकींत अडकलेल्या असतात.

दोन तासिकांच्या विषयात एक बारीक फसगत आहे. संगणकाच्या दोन तासिकांत 'किमान तीन दिवसांचे अंतर' अशी अट घातली, तर सॉफ्टवेअर सोम-गुरु, सोम-शुक्र, सोम-शनि, मंगळ-शुक्र, मंगळ-शनि आणि बुध-शनि हे सहा पर्याय ग्राह्य धरते. यातल्या सोम-शनि या जोडीकडे जरा थांबून पाहावे. आठवड्याच्या आत तिच्यात पाच दिवसांचे अंतर दिसते, कारण ही अट सोमवारी सुरू होते आणि शनिवारी संपते. प्रत्यक्षात शनिवारनंतर फक्त रविवार मध्ये येतो आणि लगेच पुढचा सोमवार उजाडतो. म्हणजे मुले शनिवारी संगणक कक्षात जातात, सोमवारी पुन्हा जातात आणि मग थेट पुढच्या शनिवारी. अंतर मोजणारी अट रविवारच्या पलीकडे पाहत नसेल, तर ही जोडी वेगळी अट घालून वगळावी लागते. उरलेल्या पाच जोड्या दोन्ही बाजूंनी तपासल्या तरी तीन किंवा चार दिवसांच्या अंतरावरच राहतात.

हे सगळे संगणकाला अवघड का जावे, असा प्रश्न साहजिक आहे. बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणाऱ्या यंत्राला एका शाळेचे वेळापत्रक का जड व्हावे? हंगेरीचे गणितज्ञ डेनेश कोनिग यांनी १९१६ मध्ये आलेखांविषयी एक प्रमेय सिद्ध केले. शाळेच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो : आठवड्याला ४५ जागा असतील आणि कोणत्याही शिक्षकाच्या अथवा तुकडीच्या तासिका ४५ पेक्षा अधिक नसतील, तर टक्कर न होणारे वेळापत्रक नक्की अस्तित्वात असते, आणि ते झटपट शोधण्याची पद्धतही आहे. पण ही हमी तोपर्यंतच टिकते, जोपर्यंत प्रत्येक शिक्षक कोणत्याही वेळी उपलब्ध आहे. १९७६ मध्ये शिमोन एव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर यांनी दाखवून दिले, की 'हे शिक्षक अमुक वेळी उपलब्ध नाहीत' एवढी बाब मिसळली, की प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत कठीण वर्गात जाऊन बसतो. (यातले शमीर म्हणजे इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'आरएसए' सांकेतिक पद्धतीतले 'एस'.) अशा प्रश्नांचे वैशिष्ट्य असे, की कोणी तयार वेळापत्रक समोर ठेवले तर ते बरोबर आहे की नाही हे क्षणात तपासता येते, परंतु प्रत्येक वेळी ते झटपट शोधून देईल अशी कोणतीही पद्धत आजवर सापडलेली नाही.

आणि मुंबईतल्या शाळेत शिक्षकांची उपलब्धता सरसकट कधीच नसते. सकाळच्या अधिवेशनाची शाळा सातच्या सुमारास भरते आणि बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्या काही जणांना पहिली तासिका नको असते. एखादे कलाशिक्षक दोन शाखांत विभागलेले असतात आणि त्यांचे ठरावीक तीनच दिवस मिळतात. दुपारचे अधिवेशन त्याच इमारतीत भरत असल्यामुळे सकाळच्या शाळेला शेवटी एक तासिका वाढवण्याची सोय नसते. महापालिकेच्या कित्येक इमारतींत वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा एकत्र भरतात. त्यांची वेळापत्रके वेगळी, पण मैदान एकच. या सगळ्या नोंदी म्हणजे त्या १९७६ च्या निष्कर्षातली 'अनुपलब्धता'च होय.

सॉफ्टवेअर मग करते काय? सर्व शक्यता तपासणे अशक्य असल्यामुळे ते आधी सर्वांत अडचणीच्या तासिका निवडते. ज्या तासिकेला जागा कमी आणि अटी जास्त, ती प्रथम बसवायची; ग्रंथालयाची एकुलती एक तासिका शेवटी. पुढे केव्हा तरी एक तासिका अशी येते, की तिला एकही मोकळी जागा नसते. 'एफईटी'सारखी प्रणाली तेव्हा सर्वांत कमी मोडतोड होईल अशी जागा निवडते, तेथे बसलेल्या तासिका उचलून बाहेर काढते, अडलेली तासिका बसवते आणि बाहेर काढलेल्यांना नव्या जागा शोधते. त्यांनाही जागा मिळाली नाही, तर त्या आणखी कोणाला तरी उठवतात. आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात आतली गाडी काढायची असेल, तर पुढच्या दोन गाड्या हलवाव्या लागतात आणि त्यांच्यासाठी फाटकाजवळची तिसरी, तशीच ही साखळी चालते. साखळी फार लांबली, की प्रणाली तो प्रयत्न सोडून देते आणि दुसरी जागा धरते. म्हणूनच तीच माहिती देऊन दोनदा चालवल्यावर दोन वेगळी वेळापत्रके येऊ शकतात, आणि एकदा अडकलेले काम पुन्हा सुरू केल्यावर काही मिनिटांत पूर्ण होऊ शकते.

या साखळीला कोठे झुकायचे आणि कोठे नाही, हे अटींच्या वजनावरून कळते. 'एफईटी'त दोन तासिकांमधल्या दिवसांच्या अंतराची अट टक्केवारीत नोंदवतात. १०० टक्के म्हणजे ती मोडायचीच नाही, मग वेळापत्रक पूर्ण झाले नाही तरी चालेल. ९५ टक्के म्हणजे ती मोडण्याआधी सरासरीने वीसेक प्रयत्न करून पाहायचे. ५० टक्के म्हणजे जेमतेम दोन. बहुतेक विषयांसाठी ९५ पुरते. पर्यवेक्षकांचा पहिला मोह मात्र प्रत्येक अटीला १०० टक्के देण्याचा असतो, कारण फॉर्म भरताना सगळेच महत्त्वाचे वाटते. परिणामी यंत्र तासभर फिरते आणि शेवटी चार तासिका बाहेर ठेवून थांबते. माझ्या मते १०० टक्के हा मान टक्कर, प्रयोगशाळेची क्षमता आणि शिक्षक खरोखरच हजर नसणे या तीनच बाबींसाठी राखावा. विषय पसरवण्याचा आग्रह कितीही योग्य असला, तरी एका तुकडीच्या इतिहासाच्या दोन तासिका लागोपाठच्या दिवशी आल्या म्हणून शाळा अडत नाही.

काही मागण्या अशा असतात, की त्या यंत्राला देण्याआधीच कागदावर मोडीत निघतात. सर्वांत नेहमीची मागणी म्हणजे 'गणित मधल्या सुट्टीच्या आधीच हवे, तेव्हा मुलांचे डोके ताजे असते.' समजा नववी आणि दहावीच्या मिळून चार तुकड्यांचे गणित एकाच शिक्षकाकडे आहे. प्रत्येकीच्या ७, म्हणून त्यांच्या एकूण २८ तासिका. मधली सुट्टी चौथ्या तासिकेनंतर होत असेल, तर सहा दिवसांत सुट्टीआधीच्या जागा २४. २८ तासिका २४ जागांत कोणतेही सॉफ्टवेअर घालू शकत नाही, आणि पहिल्या तीन तासिकांचाच हट्ट धरला तर जागा १८ वर येतात. निदान चार तासिका सुट्टीनंतर जाणार हे निश्चित आहे. तेव्हा मागणी बदलून 'प्रत्येक तुकडीच्या गणिताची जास्तीत जास्त एकच तासिका सुट्टीनंतर' अशी नोंदवली, तर ती काटेकोर पुरी होऊ शकते आणि एकाच तुकडीवर चारही दुपारच्या तासिका लादल्या जात नाहीत. हा गुणाकार करायला दोन मिनिटे लागतात. तो न करता यंत्र रात्रभर चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि सकाळी ते सॉफ्टवेअरला दोष देतात.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. दिवसांत पसरणे आणि दिवसाच्या वेळेत पसरणे या दोन स्वतंत्र अटी आहेत. इंग्रजी आठवड्याचे सहाही दिवस आले म्हणजे पहिली अट पूर्ण झाली; परंतु ते पाचही पूर्ण दिवशी आठव्या तासिकेला आले, तरीही ती पूर्णच राहते. शेवटच्या तासिकेला अर्धे लक्ष घंटेकडे असते, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. म्हणून 'एका तुकडीला एका विषयाच्या शेवटच्या तासिका आठवड्यात दोनपेक्षा जास्त नकोत' असे बंधन निराळे घालावे लागते.

समांतर तासिका हा या सगळ्यातला सर्वांत हट्टी भाग. राज्य मंडळाच्या शाळांत काही मुले पूर्ण हिंदी घेतात आणि काही हिंदी-संस्कृत संयुक्त. संस्कृतच्या तासाला नववी 'अ', 'ब' आणि 'क'मधली मुले एकत्र बसतात, बाकीची त्याच वेळी दुसऱ्या खोलीत हिंदीला. म्हणजे त्या एका तासिकेसाठी तीन तुकड्या, दोन-तीन शिक्षक आणि तेवढ्याच खोल्या एकाच वेळी मोकळ्या हव्यात, आणि ही संपूर्ण मोट आठवड्यात पाच वेगवेगळ्या दिवशी हवी. असा गठ्ठा सॉफ्टवेअरमध्ये एकच तासिका म्हणून नोंदवायचा असतो. तीन तुकड्यांच्या तीन सुट्या नोंदी केल्या, तर यंत्र त्या तीन वेगवेगळ्या वेळी लावते आणि संस्कृतच्या बाई एकाच आठवड्यात तीनपट तासिका घेताना दिसतात.

शनिवारचा विचार वेगळा करायला हवा. यंत्राच्या दृष्टीने शनिवार हा पाच तासिकांचा एक दिवस. शाळेच्या दृष्टीने तो सर्वांत बेभरवशाचा दिवस. पालकसभा, स्पर्धा, शिक्षकांचे प्रशिक्षण, सारे काही शनिवारीच येते. त्यामुळे तीन तासिकांच्या दोन विषयांपैकी एकाची एक तासिका शनिवारी गेली, तर दुसऱ्याची तरी जाऊ नये, असे पाहावे. ज्या तुकडीला भूगोल मंगळ-गुरु-शनि आहे, तिला इतिहास सोम-बुध-शुक्र मिळाला, म्हणजे वर्षाअखेरीस सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम दोन्हीकडून मागे राहत नाही. पावसाळ्यातल्या सुट्ट्या मात्र कोणत्या वारी येतील ते सांगता येत नाही, आणि त्यांच्यासाठी पसरलेले वेळापत्रक हाच एक बचाव आहे. एक दिवस बुडाला तरी विषयाची एकच तासिका बुडते.

पसरणे मुलांसाठी जितके हिताचे, तितकेच ते शिक्षकांना जाचक होऊ शकते. तुकड्यांच्या तासिका सुट्या-सुट्या करताना शिक्षकाच्या दिवसात पहिली, चौथी आणि आठवी एवढ्याच तासिका उरल्या, तर तो दिवस तीन तासिकांचा असूनही पूर्ण खर्ची पडतो. उलट पाच तासिका सलग आल्या, तर घसा बसतो. म्हणून सलग तासिका चारपेक्षा अधिक नकोत आणि दिवसातल्या मोकळ्या तासिका तीनपेक्षा अधिक नकोत, अशा दोन्ही बाजूंच्या मर्यादा नोंदवाव्यात. भाषाशिक्षकांची आणखी एक रास्त अपेक्षा असते : निबंधाची जोडतासिका सर्व तुकड्यांना एकाच दिवशी नको, नाहीतर दोनशे वह्या एका संध्याकाळी लोकलमधून घरी न्याव्या लागतात. बदली तासिकांचाही हिशेब यातच येतो. एखाद्या वेळी सर्व शिक्षक वर्गांवर असतील आणि कोणी एक रजेवर गेले, तर त्या वर्गावर पाठवायला कोणीच उरत नाही. प्रत्येक वेळी निदान दोन-तीन शिक्षक मोकळे राहतील असे पाहिले, तर पर्यवेक्षकांची रोजची धावपळ बरीच कमी होते.

वेळापत्रक बसवताना अटींचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम केवळ तुकड्या, शिक्षक, तासिका आणि अनुपलब्धता भरून एकदा चालवावे. ते बसले नाही, तर चूक माहितीत आहे. बहुधा कोणाच्या तरी तासिकांची बेरीज चुकलेली असते. ते बसल्यावर पसरण्याच्या अटी घालाव्यात, नंतर खोल्या आणि मैदान, आणि सर्वांत शेवटी व्यक्तिगत अपेक्षा. एकेका टप्प्यावर चालवून पाहिले, म्हणजे कोणत्या अटीने गाडी अडली ते समजते. सारे एकदम भरून 'शक्य नाही' असे उत्तर आले, तर शंभर अटींतली दोषी अट शोधत बसावे लागते.

जूनमध्ये लावलेले वेळापत्रक मार्चपर्यंत तसेच राहत नाही. निवडणुकीच्या कामावर दोन शिक्षक जातात, कोणी प्रसूती रजेवर जाते, विज्ञानाचे नवे शिक्षक ऑक्टोबरमध्ये रुजू होतात. अशा वेळी यंत्राला पुन्हा पहिल्यापासून चालवू दिले, तर ते संपूर्ण शाळेचे वेळापत्रक बदलून टाकते आणि दुसऱ्या दिवशी निम्मी मुले चुकीची पुस्तके घेऊन येतात. बाधित शिक्षकांच्या तासिका तेवढ्या सोडून बाकी सर्व जागच्या जागी कुलूपबंद कराव्यात आणि मग चालवावे. जागा मिळाली नाही, तर त्याच तुकड्यांच्या कला, ग्रंथालय आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिका मोकळ्या करून पुन्हा प्रयत्न करावा. नव्या तासिका जुन्यांच्या शेजारच्या दिवशी तर येऊन पडल्या नाहीत ना, हे छापण्याआधी तुकडीनिहाय आडवे वाचून पाहावे. एका विषयावर बोट ठेवून सोमवारपासून शनिवारपर्यंत जायला अर्धे मिनिट पुरते.